मठ्ठ मदतनीस

‘ताई, आमची म्हातारी एवढी शहाणी कधी झाली?’ असं गुरुजींनी फोनवर विचारलं, तेव्हा मला आधी काही उलगडाच होईना. गुरुजी माण तालुक्यातले, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. आमच्या दिवाळी अंकासाठी त्यांनी कथा पाठवली होती. दुष्काळातलं गाव, दाराशी बाजेवर पडून असलेली एक म्हातारी, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला तिचा एकच प्रश्न : टँकर आला का? सून रोजगारावरून येते, नातू शाळेतून येतो, तलाठी पंचनाम्याला येतो. म्हातारी तेच विचारते. अख्ख्या कथेत तिला दुसरं वाक्य नाही. गुरुजींच्या हातात पडलेल्या प्रुफात मात्र म्हातारीने तो प्रश्न एकदाच विचारला होता. पुढे तिच्या वाटणीला एक नीटनेटकं वाक्य आलं होतं : ‘ती वारंवार टँकरबद्दल विचारत राहिली.’ गुरुजी म्हणाले, ‘वारंवार म्हणं! आमच्याकडं कोण बोलतंय असं? तिला बोलू द्या की.’

म्हातारीचं तोंड बंद करणारा निघाला माझा भाचा. मी बाहेरगावी होते, डीटीपी करणाऱ्या, म्हणजे संगणकावर अंकाची पानं लावणाऱ्या ताईंना फाइल तातडीने हवी होती, आणि हा आमच्याकडे राहायला आलेला. गुरुजींची फाइल जुन्या फॉन्टातली. उघडली की नुसती इंग्रजी अक्षरांची भेळ. त्याने ती उचलली, एआयच्या खिडकीत टाकली, ‘मराठीत करून दे’ म्हणून सांगितलं आणि मिनिटाभरात स्वच्छ, शुद्ध, वेलांट्या-अनुस्वार जागच्या जागी असलेली कथा ताईंना पाठवून दिली. मी परत आल्यावर त्याला प्रूफ दाखवलं, तर साहेबांना फारसा पश्चात्ताप नव्हता. ‘अगं मावशी, मूळ फाइल बघितलीस का? कचरा होता नुसता. त्यातून गोष्ट काढून दिली त्याने, हे काय कमी आहे? एखाद्या वाक्याचं काय, लावून घे. पण तू अजून ते पायथनचं कोडिंग घेऊन कशाला बसतेस? आता सांगितलं की होतं.’

सांगितलं की होतं. हे काही डोक्यातून जाईना.

कारण पोरगं चुकीचं बोलत नव्हतं. माझ्या वयाच्या बाईने, जिची सगळी हयात मुद्रितं तपासण्यात गेली, तिने रात्री जागून कोडिंग शिकावं, हा तसा हौसेचाच मामला. घरातल्यांनी तो हौसेसारखाच सोसला. कुणी भिशी लावतं, कुणी सुगम संगीताच्या क्लासला जातं, हिने हे काढलंय. सुरुवात तर फारच साधी होती. ऑगस्ट-सप्टेंबर म्हणजे आमच्याकडे लेखांचा पूर. कुणी वर्डमध्ये पाठवतं, कुणी ईमेलच्या पोटातच लिहून टाकतं, कुणी व्हॉट्सअॅपवर बारा तुकड्यांत, आणि तेही उलटसुलट क्रमाने. कुणी वहीच्या पानांचे फोटो काढतं, त्यात अंगठ्याने शेवटच्या दोन ओळी झाकलेल्या. हे सगळं एका साच्यात बसवायचं म्हणजे तीच ती कामं : दोन शब्दांमधल्या दुहेरी जागा काढ, पूर्णविरामाच्या आधीची जागा काढ, सरळ अवतरणचिन्हं वाकडी कर, कुणी तीन टिंबं दिली असतील, कुणी सात, ती सारखी कर. फाइंड, रिप्लेस, फाइंड, रिप्लेस. संध्याकाळी मनगट असं दुखायचं की कुकरचं झाकण लावताना कळ यायची. अशाच एका दुपारी वर्डमधलं ‘रेकॉर्ड मॅक्रो’ म्हणून एक बटण दाबून पाहिलं. काय होईल याची कल्पना नव्हती. मी नेहमीचे सगळे बदल केले, रेकॉर्डिंग थांबवलं आणि आत डोकावून पाहिलं, तर माझ्या हातांनी आत्ता केलेलं प्रत्येक काम तिथे ओळीखाली ओळ लिहून आलेलं. मी इतकी वर्षं करत होते ते काम मला पहिल्यांदाच वाचायला मिळालं होतं! वाचायला मिळालं म्हटल्यावर तपासायची खोड कुठे जाते? तिसरी आणि पाचवी ओळ एकच काम करत होत्या.

तिथून पायथनपर्यंत यायला वेळ लागला. मराठीत समजावून सांगणारे व्हिडिओ सापडले, थोडं पोरांच्या जुन्या पुस्तकांतून, बरंचसं लाल अक्षरांतल्या शिव्या खाऊन. पायथनचं एक मात्र लगेच आवडलं. ओळ समासापासून किती आत सुरू होते याला तिथे अर्थ आहे, आणि एक जागा इकडची तिकडे झाली तर तो पुढे जायला साफ नकार देतो. समासाबद्दल इतका काटेकोर गडी मला छापखान्यातसुद्धा भेटला नव्हता. पर्ल ही भाषा तयार करणाऱ्या लॅरी वॉलने प्रोग्रामरचे तीन सद्गुण सांगितलेत : आळस, उतावळेपणा आणि गर्व. पहिले दोन माझ्याकडे जन्मजात होते. तिसरा, पहिला प्रोग्रॅम चालला त्या रात्री आला.

पण ती झाडलोटीची कामं झाली. खरी मजा आणि खरी डोकेदुखी सुरू झाली ती जुन्या फॉन्टांशी गाठ पडल्यावर. गुरुजी टायपिंग शिकले रेमिंग्टनच्या यंत्रावर, म्हणून संगणकावर आले ते त्याच कळांच्या कृतीदेव फॉन्टमध्ये. तिथे ‘मराठी’ असं टाइप केलं की संगणकाच्या पोटात जातं ते ई, जे, के, मोठा बी आणि एच. पोटात मराठी नाहीच. पडद्यावर फॉन्ट त्या इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीची चित्रं दाखवतो एवढंच. फॉन्ट काढून घेतला की भाच्याला दिसला तो कचरा. आता वाटेल की ‘ई’ असेल तिथे म, ‘जे’ असेल तिथे र, अशी यादी केली, सरसकट बदल केले, झालं काम. मलाही तसंच वाटलं होतं. पण टंकलेखन यंत्रावर कळा कमी आणि आपली अक्षरं फार, त्यामुळे त्या काळच्या लोकांनी काटकसर केली होती. भ, ख, ध, थ, ण, श यांची कळ दाबली की अर्धंच अक्षर उमटतं. त्याला उभा दंड दिला की ते पूर्ण होतं. आणि दंडाची कळ कुठली? तीच, कान्याची. म्हणजे ‘भात’ लिहिताना तीच कळ लागोपाठ दोनदा येते, एकदा भ पुरा करायला, एकदा काना म्हणून. डोळ्याला काही वाटत नाही, चित्र बरोबर उमटतं. पण मी सरसकट ‘के’चा काना करायला गेले असते तर प्रत्येक भ लंगडा राहून पुढे दोन काने आले असते. म्हणून आधी जोड्या शोधायच्या, मग एकेकटे. यादीत काय आहे याच्याइतकंच यादीत काय कुणाच्या आधी आहे याला महत्त्व. हे कळायला एक अख्खा पावसाळी रविवार गेला आणि त्याचा आनंद शब्दकोडं सुटल्यासारखा नव्हता. आपण ज्या अक्षरांवर पोट भरतो त्यांची हाडं कशी जुळवलेली आहेत, ते दिसल्याचा होता.

विरामचिन्हांची तर तिथे निराळीच वस्ती. इंग्रजी टिंब म्हणजे अर्धा ण, त्यामुळे ‘कारण’ या शब्दाच्या पोटात वाक्य संपल्यासारखं टिंब असतं. खरा पूर्णविराम बसलेला असतो संयोगचिन्हाच्या कळेवर. प्रश्नचिन्ह म्हणजे अर्धा घ. गुरुजींच्या मूळ फाइलमध्ये प्रत्येक घर प्रश्नचिन्हाने सुरू होतं, आणि दुष्काळाच्या गोष्टीत घरं पुष्कळ. म्हातारीचा खरा प्रश्न मात्र संपतो तो उलट्या तिरप्या रेघेवर.

मग ऱ्हस्व वेलांटी. यंत्रावर ती अक्षराच्या आधी येते, कारण पडद्यावर ती डावीकडे दिसते. ‘किती’ लिहायचं तर आधी वेलांटी, मग क. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षरांना ठरावीक क्रमांक देणाऱ्या आजच्या मानकात, आधी क, मग वेलांटी, कारण आपण बोलतो तसं. यंत्र डोळ्याच्या क्रमाने चालतं, युनिकोड जिभेच्या. म्हणजे प्रत्येक वेलांटीला उचलून पुढच्या अक्षराच्या पलीकडे नेऊन ठेवायचं. नुसत्या अक्षराच्या नाही हं, अख्ख्या जोडाक्षराच्या. हे ज्यांनी केलं नाही त्यांची पापं आपण सगळ्यांनी वाचलेली आहेत : ‘सि्थती’. ती पाय मोडलेली स्थिती जुन्या बातम्यांच्या पानांवर अजून लंगडत असते. तिथे काय घडलं ते आता मला दुरूनच कळतं. कुणीतरी वेलांटीला एकच उडी मारायला शिकवलं, दोन नाही. रफाराची गंमत उलट. ‘मूर्ती’मध्ये तो सगळ्यांत शेवटी टाइप होतो, दुसऱ्या वेलांटीच्याही नंतर, आणि युनिकोडमध्ये त्याला मागे चालत यायचं असतं, वेलांटी ओलांडून, त ओलांडून, थेट त्याच्या आधी. ही मागची चाल शब्दांत लिहून काढताना मला शाळेतल्या बाई आठवल्या. रफार म्हणजे ‘आधीचा अर्धा र’, असं त्यांनी सांगितलेलं मी घोकलं होतं. कळलं बहुतेक तेव्हा, पन्नाशी उलटल्यावर.

अधूनमधून एक साल मनात घोळतं, १९९१. त्या एकाच वर्षात भारतीय लिप्यांसाठी इस्की हे सरकारी मानक पक्कं झालं, युनिकोडची पहिली आवृत्ती देवनागरीला सोबत घेऊन आली, आणि तिकडे नेदरलँड्समध्ये ग्विदो व्हान रॉसम यांनी पायथन लोकांपुढे ठेवलं. सगळी सामग्री एकाच वर्षी ताटात वाढून आलेली, आणि आपली छपाई मात्र पुढे कितीतरी वर्षं दर फॉन्टाला वेगळी लिपी घेऊन चालली. त्याला कारणंही होती. पानं लावायच्या तेव्हाच्या सॉफ्टवेअरला देवनागरीची जोडणी जमत नव्हती, म्हणून चित्रांची ही क्लृप्ती. ती केली म्हणून तर छापखान्यातले शिशाचे खिळे जाऊन संगणक आले, आणि चार माणसांच्या बळावरसुद्धा दिवाळी अंक निघायला लागले. त्या फॉन्टांना नावं ठेवणारी मंडळी मला आवडत नाहीत. पण तेव्हाचा मजकूर, कथा, कविता, स्मरणिका, ग्रामपंचायतींचे अहवाल, आज सीडीवर आणि जुन्या डिस्कवर अशा इंग्रजी भेळेत पडून आहेत, हेही खरंच. त्यात काही शोधता येत नाही. ज्याला ‘आई’ शोधायचीय त्याला आधी ती कुठल्या फॉन्टात लिहिली होती ते ठाऊक हवं.

इथे ताईंची गोष्ट सांगायला हवी. माझ्या प्रोग्रॅममधली निम्मी अक्कल त्यांची आहे. डीटीपीत त्यांची उमेदीची वर्षं गेली. त्यांच्याकडे एक शंभर पानी वही, तिच्यात कुठल्या फॉन्टातून कुठल्या फॉन्टात जाताना काय फुटतं याच्या नोंदी : ‘द्ध बघणे’, ‘ह्म बघणे’, ‘क्त दोन प्रकारचा येतो’. मी लॅपटॉप घेऊन त्यांच्या शेजारी बसायचे. त्या पडद्याकडे नजर टाकून म्हणायच्या, ‘शक्ती फुटणार बघा तुमची’, आणि फुटायचीच. मग मी यादीत एक ओळ वाढवायची. त्यांना कोडमधलं काही कळत नव्हतं आणि कळून घ्यायचंही नव्हतं, पण काय चुकू शकतं याचा नकाशा त्यांच्या डोक्यात होता. मला वाटतं, आपलं साधन आपण करायचं ते यासाठीच. विकत आणलेलं कन्व्हर्टर कुठल्या तरी सरासरी माणसासाठी केलेलं असतं, ताईंच्या वहीसाठी नाही. माझा प्रोग्रॅम दिसायला ओबडधोबड, त्याला बटणं नाहीत, दुसऱ्या कुणाला चालवता येणार नाही. आजोळच्या वाड्याच्या दाराची कडी अशी होती. किंचित उचलायची, आपल्याकडे ओढायची आणि गुडघ्याने ढकलायचं. पाहुणे तासभर बाहेर.

पण ज्या दिवशी तो पहिल्यांदा धडाक्यात चालला आणि आठवडाभराचं पुन्हा टाइप करायचं काम चहा होईतो संपलं, त्या दिवशी ताई म्हणाल्या, ‘माझं पानच खाल्लंत की तुम्ही.’ हसत म्हणाल्या. टायपिंगचे पैसे पानावर असतात, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. आम्ही नंतर हिशेब दुसरीकडे जुळवला, पानं लावायचा दर वाढवून घेतला, तो भाग ठीक झाला. बुजला नाही तो खड्डा वेगळाच. ताई टाइप करायच्या म्हणजे कथा सगळ्यांत आधी ताई वाचायच्या. अक्षर अन् अक्षर. मध्येच उठून यायच्या, ‘या बाईचं पुढे काय होतं हो? मी अजून निम्म्यात आहे.’ एखादी कथा ‘हाताला जड’ असायची, एखादी ‘सरसर’. अंक निघायच्या कितीतरी आधी आम्हाला कळलेलं असायचं की यंदा लोक कुठलं पान फाडून ठेवणार. आता फाइल एका बाजूने आत जाते, दुसऱ्या बाजूने बाहेर येते, आणि प्रूफ निघेपर्यंत तिच्यावरून एकाही माणसाची नजर फिरत नाही. गुरुजींची म्हातारी सापडली ती याच उघड्या जागेत. ताई पूर्वीसारख्या टाइप करत असत्या तर म्हातारीच्या दुसऱ्या ‘टँकर आला का’लाच त्यांनी मान वर करून पाहिलं असतं.

उलट डोळ्याला अजिबात न दिसणाऱ्या गोष्टीही असतात, आणि तिथे मला माझ्या मठ्ठ मदतनिसाशिवाय, म्हणजे माझ्या प्रोग्रॅमशिवाय, चालत नाही. ‘दुसऱ्या’मधला ऱ्या घ्या. कुणी तो नुक्त्याच्या, म्हणजे खाली टिंब असलेल्या ऱ ला हलन्त देऊन, म्हणजे त्याचा पाय मोडून लिहितं, कुणी साधा र, हलन्त आणि मध्ये एक शून्य रुंदीचं अदृश्य जोडचिन्ह घालून. पडद्यावर, कागदावर दोन्ही जुळ्या भावांसारखे. कंट्रोल-एफ मात्र एकाला ओळख देतो, दुसऱ्याला देत नाही. तेच ‘ॲ’चं. हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षर म्हणून आलं २००८ मध्ये. त्याआधी लोक अ वर चंद्र ठेवून काम भागवत, आणि पुष्कळांची बोटं अजून तेच करतात. एकाच लेखात एक ‘ॲसिड’ नव्या पद्धतीचं, पुढचं जुन्या. मी चष्मा पुसून, भिंग लावून, उजेडात धरून हजार वेळा वाचलं तरी मला हा फरक दिसणार नाही. मुद्रितशोधकाच्या मानाला हे लागतं. मग दहाबारा ओळींचा एक प्रोग्रॅम लिहिला, तो फाइलभर फिरून प्रत्येक अक्षराचा क्रमांक वाचतो आणि सगळे जुळे एकसारखे करून ठेवतो. त्याला ‘दुसऱ्या’ म्हणजे काय ते माहीत नाही. त्याला फक्त क्रमांक कळतात.

सगळीच साधनं अशी कामाची निघाली असं नाही. कुठला लेखक मुदतीच्या किती दिवस पुढे जाईल याचा अंदाज बांधणारं एक मी मोठ्या हौसेने केलं होतं, जुन्या ईमेलच्या तारखा वगैरे गोळा करून. त्याचा निष्कर्ष : सगळेच उशिरा देतात.

तर गुरुजी. त्यांचा फोन झाल्यावर मी त्यांची मूळ फाइल घेतली आणि माझ्या प्रोग्रॅममधून काढली. अंगणात, दारात, सुनेला, नातवाला, तलाठ्याला, म्हातारी पुन्हा विचारायला लागली. दोनचार ठिकाणी प्रोग्रॅमने चौकटीत फुली मारून ठेवली होती, ‘हे चिन्ह माझ्या यादीत नाही’ अशा अर्थाची. ही फुली मी मुद्दाम घातलेली आहे. जे कळलं नाही ते तसंच ठेवायचं आणि मला हाक मारायची, पुढे अंदाज करायचा नाही. भाच्याच्या त्या हुशार यंत्राने अशी हाक कुठेच मारली नव्हती. त्याला सगळं कळलं होतं. त्या कथेत पुन्हापुन्हा तेच वाक्य येतंय, हे त्याला चुकीसारखं दिसलं असणार, आणि चुका नीट करायची त्याला सवय. शाळेतल्या निबंधात एकच वाक्य परत आलं की आपणही लाल रेघ मारतोच. माझ्या मदतनिसाला वाक्य म्हणजे काय तेच ठाऊक नाही, तर ते परत आलं हे कुठून ठाऊक असणार! म्हातारी वाचली ती या मठ्ठपणामुळे. मग त्याच बैठकीत आणखी एक छोटं साधन लिहून टाकलं. मूळ फाइलमधल्या तिरप्या रेघा मोज, नव्या फाइलमधली प्रश्नचिन्हं मोज, आकडा जुळला तर गप्प बस, नाही जुळला तर बोंब मार. परिच्छेदांचंही तसंच. आता रूपांतर कुणीही करो, मी, ताई, भाचा किंवा त्याचं यंत्र, फाइल या नाक्यावरून गेल्याशिवाय पानावर चढत नाही.

भाच्याला हे दाखवलं. तो मनापासून खूश झाला, आणि लगेच म्हणाला, ‘पण मावशी, हे मोजणारं टूलसुद्धा त्यालाच लिहायला सांगितलं असतं तर त्याने लिहून दिलं असतं.’ दिलं असतंच. खोटं कशाला बोलू, रफाराची ती मागे चालत यायची चाल, रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये, म्हणजे मजकुरातले नमुने शोधायच्या सूत्रात, मी हल्ली त्याच्याकडूनच घासूनपुसून घेतली आहे, आणि माझ्यापेक्षा देखणी करून दिली त्याने. फक्त ती ओळ मला वाचता येते. ती वेलांटी ओलांडते का, जोडाक्षर ओलांडते का, ‘मूर्ती’, ‘मार्गाने’, ‘वर्ष’, ‘आशीर्वाद’ तिच्यापुढे टाकून बघता येतं. आणि तिरप्या रेघा मोजायला सांगायचं, प्रश्नचिन्हं नाही, हे कुणाला सुचणार होतं? ज्याला माहीत आहे की त्या फाइलमध्ये प्रश्नचिन्ह म्हणजे घर. भाचा यावर ‘हं’ म्हणाला. त्याच्या ‘हं’चा अर्थ पटलं असा नसतो, भूक लागली असा असतो. आमचं त्यावर अजून एकमत नाही. तो म्हणतो, हे समजून घेण्याची गरजसुद्धा दोन वर्षांत उरणार नाही. नसेलही. मी त्याला एवढंच म्हटलं की त्याच्या सोसायटीच्या देखभालीच्या पावत्या दर महिन्याला त्याचे बाबा रात्री बसून हाताने भरतात, त्यांच्यासाठी काहीतरी लिही. सांगून होत असेल तर सांगून कर. तीन-चार फ्लॅटचे दर वेगळे का आहेत आणि तळमजल्याला लिफ्टचे पैसे का लागत नाहीत, हे बाबांना विचारायला बसला, तेव्हा दोघं जेवायला उठेनात.

गुरुजींना नवं प्रूफ पाठवलं. त्यांचा फोन आला. ‘आता बरोबर हाय,’ म्हणाले. जरा थांबून म्हणाले, ‘पर ताई, तलाठ्याच्या नंतरचा एक काढून टाका. वाचताना मलाच जास्त वाटायला लागलाय.’ काढला. मोजणाऱ्या साधनाने इमानाने बोंब मारली, तिला गप्प केलं.

परवा चंदगडकडून एक सीडी आली आहे. एका जुन्या वाचनालयाची स्मरणिका, तीस-बत्तीस लेख, आणि फॉन्ट कुठला ते कुणालाच सांगता येत नाही. ज्याने टाइप केलं तो डीटीपीवाला धंदा बंद करून कधीच मुंबईला गेला. कृतीदेव नाही, ताईंच्या वहीतल्या कशाशीही जुळत नाही. अशा वेळी करायचं ते नवव्या शतकात बगदादच्या अल-किंदीने सांगून ठेवलंय : गुप्त लिपी फोडायची तर कुठलं चिन्ह किती वेळा येतं ते मोज. मोजायला आपला मठ्ठ आहेच. मराठीत सगळ्यांत जास्त वेळा येतो तो काना, म्हणून यादीत अव्वल आलेलं चिन्ह काना धरलं. दोन लहान शब्द सारखे सारखे येत होते, ते ‘आहे’ आणि ‘आणि’ निघाले, त्यांच्यामागून ह, ण आणि वेलांटी आली. वेलांटी इथेही अक्षराच्या आधीच आहे, म्हणजे जुनं सगळं उडी मारायचं सामान जसंच्या तसं वापरता येईल. ताई खुर्ची ओढून शेजारी बसल्या आहेत, त्यांना ‘वाचनालय’ सापडलं, त्यातून व, च आणि य मिळाले. ळ कुठे दडलाय ते अजून कळत नाही. ताईंचं म्हणणं, स्मरणिका आहे म्हणजे कुठेतरी ‘मंडळ’ असणारच, ते धरा.